तबल्याच्या रेकॉर्डिंगसाठी साउंड कार्ड : नोंद दुसरी

तबला आणि डग्गा वेगळ्या ट्रॅकवर घ्यायचे ठरल्यावर साउंड कार्डांची (माइक संगणकाला जोडणाऱ्या यूएसबी डब्यांची) यादी लगेच आखडली. दोन कंडेन्सर माइक म्हणजे दोन एक्सएलआर (तीन पिनांच्या माइक-प्लगचे) इनपुट आणि दोन्हींवर ४८ व्होल्ट फँटम, म्हणजे केबलमधूनच माइकला जाणारी वीज. फोकसराइट स्कारलेट सोलोला माइक-प्रीॲम्प (माइकचा क्षीण सिग्नल वाढवणारा भाग) एकच, म्हणून ते बाद. बेहरिंगर यूएम२चेही तेच, शिवाय त्याचा सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने) ४८ किलोहर्ट्झच्या वर जात नाही (तो मुद्दा तसा गौण). उरले बेहरिंगरचेच यूएमसी२०२एचडी : दोन प्रीॲम्प, २४ बिट, यूएसबीच्याच विजेवर चालणारे.

त्याच्या खोक्यावरच्या १९२ किलोहर्ट्झला भुलण्यात अर्थ नाही. काम २४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर चालू आहे. स्टीरिओ फाइल तासाला साधारण १ जीबी होते. २४ बिटचा फायदा असा, की शिखर −१२ डीबीएफएसवर (० म्हणजे कार्डाची कमाल मर्यादा) ठेवले तरी खालचा आवाज खरखरीत बुडत नाही. लेव्हल लावताना नुसता ठेका वाजवून घेऊ नका. जोरकस तिहाई घ्या, नाहीतर ऐन समेवर क्लिपिंग होते, म्हणजे मर्यादेबाहेर गेलेला आवाज फाटतो.

प्रीॲम्पची परीक्षा स्वस्तात होते. एक्सएलआर प्लगच्या २ आणि ३ नंबरच्या पिनांमध्ये १५० ओहमचा रेझिस्टर जोडा, फँटम बंद ठेवा, गेन (प्रीॲम्पची वाढ) टप्प्याटप्प्याने वाढवत प्रत्येक ठिकाणी अर्धा मिनिट रेकॉर्ड करा. ऐकू येते ती माइक-खोलीविना निव्वळ कार्डाची खरखर. स्वस्त कार्डात बटणाच्या शेवटच्या फिरवणीत ती अचानक चढू शकते. तबल्याला तेवढा गेन लागतच नाही. तानपुऱ्याला लागतो, म्हणून तानपुरा घेणाऱ्यांनी ही चाचणी टाळू नये.

आउटपुट इनपुटला जोडून लूपबॅक (कार्डातून बाहेर पडलेला सिग्नल परत कार्डात) तपासताना डायरेक्ट मॉनिटर, म्हणजे इनपुटचा आवाज संगणकात न जाता थेट ऐकवणारी सोय, आधी बंद करा. चालू राहिला तर सिग्नल गोल फिरून कर्कश शिट्टी होते. स्पीकरचा आवाजही शून्यावर.

गुणगुण येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर पुन्हा घ्या. गेली, तर दोष अर्थिंगचा. कार्ड बदलून पैसे वाया जातील. अधूनमधून टिकटिक येत असेल तर यूएसबी हब काढा, मग बफर (संगणक एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा) २५६वरून ५१२ सॅम्पल करा. वादक डायरेक्ट मॉनिटरवर ऐकत असल्याने त्याने वाढलेली लेटन्सी (आवाज उशिरा येणे) त्याला जाणवत नाही.

सध्या अडलेय ते डग्ग्याच्या माइकवर : तबल्याची किनार त्यात फार शिरते. माइक खाली आणून तबल्याकडे पाठ करून पाहणे चालू आहे.