डोमेनचा सातबारा

जानेवारीचा शेवटचा आठवडा होता. रत्नागिरीजवळच्या एका आंबा बागायतदार काकांनी वेबसाइटची तीन कोटेशनं माझ्यापुढे टेबलावर पसरली. एक ९,९९९ रुपयांचं, एक ४८,००० चं, एक १,८०,००० अधिक जीएसटीचं. "तिघंही म्हणतात साइट करून देतो. मग फरक कसला?" हा त्यांचा प्रश्न. पहिल्या पेट्या मार्चच्या मध्यावर निघणार, म्हणजे हाताशी सहा-सात आठवडे. विकायचं काय, तर हापूस आणि वर्षभर चालणारा आमरस, आंबापोळी, कोकम आगळ. जुनी साइट 'बंद पडली', म्हणून नवी करायची एवढंच त्यांना माहीत होतं.

कोटेशनं बाजूला सारून आधी ती बंद पडलेली साइट उघडली. पत्त्यावर जाहिरातींचं एक परकं पान दिसत होतं. असं पान दिसलं की साइट बिघडलेली नसते, बहुतेक वेळा डोमेनची, म्हणजे साइटच्या नावाच्या पत्त्याची, मुदत संपलेली असते. आयकॅन या डोमेनची व्यवस्था बघणाऱ्या जागतिक संस्थेच्या लुकअपमध्ये नाव टाकलं, तर मुदत पुढच्या वर्षाच्या जानेवारीपर्यंत. इथेच पुष्कळ लोक चकतात. डॉट कॉमची मुदत संपली की रजिस्ट्री (सगळ्या डॉट कॉम नावांची नोंद ठेवणारी कंपनी) ते नाव आपोआप वर्षभर वाढवून ठेवते आणि रजिस्ट्रारला (ज्याच्याकडून आपण नाव विकत घेतो त्याला) ती वाढ रद्द करायला ४५ दिवसांपर्यंत मुभा असते. त्यामुळे तारखेवर जायचं नाही, खाली 'ऑटो रिन्यू पीरियड' अशी स्थिती लिहिली आहे का ते बघायचं. इथे होती. नोंदणी १२ जानेवारीची, म्हणजे मुदत संपून पंधरा दिवस झालेले. हा काळ उलटला की रिडेम्प्शनचे ३० दिवस, त्यात नाव सोडवायला नेहमीच्या हजार-बाराशे रुपयांच्या कित्येक पट दंड. मग ५ दिवस कुणालाच हात लावता येत नाही, आणि त्यानंतर ज्याला सापडेल त्याचं. काही रजिस्ट्रार तर तेवढंही थांबत नाहीत, त्याआधीच नाव लिलावात काढतात.

ऑर्डरचा ईमेल पत्ताही याच डोमेनवर होता. मुदत संपल्यावर रजिस्ट्रारने नेमसर्व्हर (नाव कुठे वळवायचं ते सांगणारे संगणक) बदलले की मेलही बंद. पंधरा दिवस चौकश्या परत फिरत होत्या आणि काकांना वाटत होतं की यंदा मुंबईकर अजून जागे झाले नाहीत.

डोमेन कुणाच्या नावावर आहे, ते प्रायव्हसीमुळे दिसत नव्हतं. विचारल्यावर कळलं, पाच वर्षांपूर्वी पुतण्याच्या वर्गमित्राने स्वतःच्या खात्यातून घेतलं होतं. मुदतीच्या सूचना त्याच्या जुन्या ईमेलवर जात होत्या, तो आता परदेशात. त्याने फसवलं असं अजिबात नाही. साइटही बरी केली होती. फक्त कागद त्याच्या नावाचा होता.

"काका, बागेचा सातबारा शेजाऱ्याच्या नावावर ठेवाल?" यापुढे डोमेन म्हणजे काय हे समजावून सांगावं लागलं नाही. पुतण्याला मित्राच्या मागे लावलं आणि कोटेशनं परत पुढे ओढली. आता तिन्ही कागदांत शोधायची पहिली ओळ ठरली: डोमेन, होस्टिंग (साइटच्या फाइली ठेवायची जागा), सर्च कन्सोल आणि अॅनालिटिक्स (साइट गुगलवर कशी दिसते, किती लोक येतात ते दाखवणारी साधनं) ही खाती कुणाच्या ईमेलवर उघडणार?

९,९९९ च्या कागदावर 'डोमेन फ्री' असं ठळक लिहिलं होतं. फुकट डोमेन बहुधा देणाऱ्याच्या खात्यात असतं, आणि दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाचा आकडा तोच ठरवतो. त्याखाली 'गुगलवर पहिल्या क्रमांकाची हमी'. अशी हमी कुणालाही देता येत नाही, हे गुगल स्वतःच सांगतं. तरी नमुना पान उघडलं. हापूसच्या पानावर चोचदार, लांबट तोतापुरीचा फोटो. काका मनापासून हसले. शेजारी जीआयचं बोधचिन्हही चिकटवलेलं. कोकणातल्या पाच जिल्ह्यांच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं हे खरं, पण ते चिन्ह वापरायला उत्पादकाने अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी केलेली लागते. ती आहे का, हे विचारण्याची तसदी ९,९९९ वाल्याने घेतली नव्हती. फोनवर विचारलं, थीमचा, म्हणजे साइटच्या तयार साच्याचा, परवाना कुणाच्या नावाने मिळेल? उत्तर आलं, "थीम आमच्याकडे आहेच." विकतची थीम वा प्लगइन (साइटला जोडायची तयार सोय) परवान्याशिवाय फुकट वापरलं की अपडेट मिळत नाहीत. चोरीच्या प्रतींत पुष्कळदा घुसखोरांसाठी मागचं दार उघडं ठेवलेलं असतं, आणि एक दिवस आंब्याच्या पानावर जुगाराच्या लिंका उगवतात. हा कागद तिथेच मिटला.

एक लाख ऐंशी हजारवाल्या एजन्सीचं काम दिसायला देखणं. म्हणूनच ते लॅपटॉपवर बघायचं नाही, असं ठरवलं. काकांचाच तीन वर्षं जुना फोन, वायफाय बंद, मोबाइल डेटा चालू. आंबा विकत घेणारं गिऱ्हाईक असंच येतं. एजन्सीने केलेल्या तीन साइट उघडल्या. पहिल्यावर ड्रोनचा व्हिडिओ, पान ११ एमबीचं, मुख्य चित्र दिसायला आठ सेकंद. गुगलची कसोटी अशी: मुख्य मजकूर वा चित्र अडीच सेकंदांत दिसावं, बोट लावल्यावर प्रतिसाद २०० मिलिसेकंदांत यावा, आणि पान भरताना उड्या मारण्याचं माप ०.१ च्या आत असावं. पेजस्पीड इनसाइट्समध्ये हे फुकट तपासता येतं. मात्र आकडे दोन प्रकारचे असतात, वर खऱ्या वापरकर्त्यांचे आणि खाली प्रयोगशाळेतले, म्हणजे कृत्रिम चाचणीतले. छोट्या साइटला वरचे आकडे बहुधा नसतातच. विक्रेते खालचा गुण डेस्कटॉपवर टाकून '९८' दाखवतात. मोबाइलची टॅब उघडायला सांगायची.

वेग सुधारता येतो, एवढ्यावरून एजन्सी बाद होत नाही. अडलं ते दुसरीकडे. साइट त्यांच्या 'स्वतःच्या सिस्टीमवर' बनणार होती. सोडून जायचं झालं तर काय मिळेल? "उत्पादनांची एक्सेल यादी." म्हणजे पानं, रचना, ऑर्डरचा इतिहास सगळं त्यांच्याकडेच. वर्डप्रेससारखं खुलं साधन असेल तर फाइल आणि डेटाबेस उचलून दुसऱ्या होस्टिंगवर नेता येतो. इथे नेण्यासारखं काही उरत नव्हतं. त्यांच्या एका जुन्या ग्राहकाला फोन केला. नव्या ग्राहकाला विचारू नये, त्याचा मधुचंद्र चालू असतो, दोन वर्षं झालेला शोधावा. तो म्हणाला, साइट छान आहे, पण दर बदलायचा तर तिकीट, म्हणजे लेखी विनंती, टाकावं लागतं, दोन दिवस लागतात. हापूसचा दर हंगामात रोज बदलतो.

तिसऱ्या चिपळूणच्या ताई. दोघींचं काम, सहा साइट, दिसायला साध्याच. दुपारी व्हिडिओ कॉलवर आल्या आणि रंगरूपाआधी त्यांनीच विचारायला सुरुवात केली. दिवसाला किती पेट्या बाहेर पडतात? डझनाचा खोका किती किलोचा, कारण कुरिअर वजनावर आणि पिनकोडवर आकारतो? दर रोज कोण बदलणार, आणि फोनवरून बदलता यायला हवा ना? कॅश ऑन डिलिव्हरी ठेवणार का, परत आलेली पेटी तर विकता येत नाही? आणि मग: "काका, साका निघाला तर?"

काका पहिल्यांदा खुर्चीत पुढे सरकले. साका, म्हणजे गराचा आतून खराब झालेला भाग, बाहेरून दिसत नाही, फळ कापल्यावरच कळतो. परताव्याचं धोरण लिहिताना अख्खं भांडण इथेच असतं. पेमेंट गेटवे (साइटवर ऑनलाइन पैसे घेण्याची सोय) चालू करून घेताना परतावा, डिलिव्हरी, अटी, गोपनीयता आणि संपर्क ही पानं साइटवर आधी लागतात. दुसरीकडची नक्कल करून '७ दिवसांत वस्तू परत करा' असं छापलं, तर सातव्या दिवशी पिकून गेलेल्या पेटीचे पैसे द्यायची वेळ येते. ठरलं असं: पेटी मिळाल्यावर २४ तासांत डागी फळाचा फोटो, साक्यासाठी कापलेल्या फळाचा फोटो पाच दिवसांत, तेवढ्या नगांचे पैसे परत. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क द्यावा लागतो, ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण. इथे तो अधिकारी म्हणजे काकांची सून. आमरस आणि आंबापोळीच्या पानांवर एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, १४ अंकी परवाना क्रमांकही हवा. ताईंना हे माहीत होतं. बाकी दोघांनी विषयच काढला नव्हता.

ताईंचं काम निर्दोष होतं असं नाही. खरेदीच्या बटणावर आंब्यासारख्या पिवळ्या रंगावर पांढरी अक्षरं, दोन्ही रंगांच्या उजेडातला भेद जेमतेम १.६ ला १. साध्या अक्षरांना किमान ४.५ ला १ लागतो. अंगणातल्या उन्हात ते बटण वाचताच येईना. शिवाय मराठी पानांवर ल आणि श हिंदी वळणाचे. मराठीत पाकळीचा ल आणि देठाचा श आपण लिहितो. चांगल्या देवनागरी फॉन्टमध्ये दोन्ही वळणं असतात, पण पानाच्या कोडमध्ये भाषा 'मराठी' अशी लिहिली नसेल तर ब्राउझर मूळचं, बहुधा हिंदी, वळण दाखवतो. ताईंच्या थीममध्ये भाषा इंग्रजीच राहिली होती. सांगितल्यावर कॉल चालू असतानाच बदलून दाखवलं. बटणाचा रंग त्यांना आवडता होता, त्यावर मात्र थोडी हुज्जत झाली. शेवटी पिवळं तसंच ठेवून अक्षरं गडद तपकिरी केली.

मराठी मजकुराची परीक्षा प्रत्येक डिझायनरची घ्यावी. काकांच्या माहितीपत्रकाची फाइल डीटीपीवाल्याकडची, बिगर-युनिकोड फॉन्टातली. ती तशीच चिकटवली की रोमन अक्षरांची खिचडी होते. ९,९९९ वाल्याने म्हणून सगळा मजकूर चित्रात टाकला होता. चित्रातलं 'देवगड हापूस' गुगल आणि अंध वाचकांचा स्क्रीन रीडर मजकूर म्हणून धरतीलच असं नाही. एजन्सीने कन्व्हर्टरमधून काढला होता, त्यात 'दऱ्याखोऱ्यांतल्या बागा'चं 'दर्याखोर्यांतल्या बागा' झालेलं. डोंगराची दरी समुद्राचा दर्या झाली आणि कुणी वाचून पाहिलं नाही. ताईंनी तो परिच्छेद नव्याने टंकला होता. ओळींमधली जागा अक्षराच्या १.६ पट, म्हणजे वरच्या मात्रा आणि खालचे उकार एकमेकांत अडकत नव्हते. फॉन्टची वजनंही (अक्षरांच्या जाडीचे प्रकार) दोनच, कारण देवनागरी फॉन्टची फाइल रोमनपेक्षा जड असते.

मुदतीवरही ताई स्पष्ट होत्या. सगळं १५ मार्चपर्यंत होणार नाही. आधी फक्त आंब्याच्या ऑर्डरचं पान आणि पेमेंट, बाकी मालाची पानं मेनंतर. दहा दिवसांत सगळं देतो म्हणणाऱ्यांपेक्षा हे उत्तर पटलं.

मग करारावर बसलो. काकांचं म्हणणं, पैसे दिले की साइट आपलीच. तसं नसतं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे बाहेरच्या माणसाने केलेल्या कामाचा पहिला मालक साधारणपणे तोच. पैसे देऊन काढून घेतलेले फोटो याला अपवाद, तिथे करारात काही वेगळं नसेल तर मालकी काढून घेणाऱ्याची. मांडणी आणि कोड यांची मालकी लेखी, सहीनिशी हस्तांतरित करावी लागते, हे कलम १९. त्यात मुदत लिहिली नाही तर हस्तांतरण पाचच वर्षांचं धरलं जातं, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारतापुरतं. दुबईत पेट्या जातात, म्हणून 'कायमस्वरूपी, जगभर' हे शब्द मुद्दाम घातले. ताई आपल्या इतर कामांत वापरतात तो सामाईक कोड त्यांचाच राहील, हेही लिहिलं. नाही तर त्यांच्यावर अन्याय झाला असता.

पैशांचे टप्पे: ३० टक्के आगाऊ, ३० चाचणी पत्त्यावर मांडणी मंजूर झाल्यावर, ३० खऱ्या पत्त्यावर एक रुपयाची खरी ऑर्डर यशस्वी झाल्यावर, उरलेले १० महिन्याने. फेरफाराच्या दोन फेऱ्या, त्यापुढे तासाप्रमाणे. फोटो १६०० पिक्सेल रुंदीचे, प्रत्येकी २०० केबीच्या आत, ते काकांनी द्यायचे. साइट रखडण्याचं सर्वांत मोठं कारण डिझायनर नसतो, मालकाने न दिलेले फोटो आणि मजकूर असतो. ती तारीखही करारात आली, काकांना ते फारसं रुचलं नाही.

संध्याकाळी पुतण्याचा फोन आला, मित्र सापडला होता. त्याने नेहमीच्याच दरात नूतनीकरण केलं आणि त्याच रजिस्ट्रारकडे काकांचं नवं खातं उघडून डोमेन तिकडे ढकललं. दुसऱ्या रजिस्ट्रारकडे नेण्यापेक्षा हा मार्ग सोपा. मालकाचं नाव बदललं की बाहेरच्या बदलीला ६० दिवसांची बंदी लागू शकते, हंगामाच्या तोंडावर त्यात कशाला पडा? काकांच्या फोनवर ओटीपी आला, त्यांनी चष्मा लावून तो स्वतः टाकला. परत फिरलेल्या मेल काही परत येणार नव्हत्या. गेल्या वर्षीच्या ग्राहकांची यादी काढून व्हॉट्सअॅप करायचं काम सुनेकडे गेलं.

दोन टप्प्यांची पडताळणी चालू केल्यावर ईमेल खात्याचे दहा बॅकअप कोड छापून निघाले. तो कागद काकांनी घडी करून प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये सरकवला, सातबारा आणि आठ-अ यांच्या मधोमध.