केरिचोचा चहा बघायला जाताय? आधी फॅक्टरीचं परवानगीपत्र हातात घ्या

परवा रात्री परत आलोय, पोटऱ्या अजून भरलेल्या आहेत, पण आत्ता नाही लिहिलं तर राहूनच जाईल. केनियात चहा बघायला जाणारे बहुतेक लोक नैरोबीजवळ लिमुरूला अर्धा दिवस जाऊन येतात. 1903 मध्ये देशातली पहिली चहाची झुडपं तिथेच लागली, छान आहे, सोपं आहे. आम्हाला मात्र पान खुडण्यापासून लिलावापर्यंत सगळं बघायचं होतं, म्हणून मी आणि धाकटा भाऊ आधी पश्चिम केनियातल्या चहाच्या मळ्यांच्या केरिचोला आणि मग जिथे लिलाव होतो त्या मोंबासा बंदराला असे गेलो.

नैरोबीतल्या एका एजंटने "मळा आणि फॅक्टरी दोन्ही" म्हणून माणशी सहा हजार शिलिंग घेतले. मळा दाखवला. फॅक्टरीच्या गेटवर अस्करीने, म्हणजे वॉचमनने, पत्र मागितलं. पत्र कुठलं? एजंटचा फोन बंद. गेटवरूनच परत. सरळ सांगतो, ज्याच्याकडे फॅक्टरीचं लेखी पत्र नाही त्याला एक शिलिंग ॲडव्हान्स देऊ नका.

आणि मग गेटपासून डांबरी रस्त्यापर्यंत परतीचा तो सहा किलोमीटरचा रस्ता. केरिचो दोन हजार मीटरवर आहे, दुपार झाली की बहुतेक दिवशी पाऊस येतोच, आम्हाला तर गारा पण लागल्या. तिथे कच्च्या रस्त्याला "मरम" म्हणतात, आपला मुरूमच तो, शब्द ऐकून मला एकदम घरच्यासारखं वाटलं, पण भिजल्यावर ती लाल माती बुटाला अशी धरते की दर दहा पावलांनी काडीने खरवडायला लागते आणि उतारावर तर दोघं एकमेकांचा हात धरून आडवे चालत होतो. बोडा-बोडावाला, म्हणजे बाइक टॅक्सीवाला, दीड हजार म्हणाला. सकाळी तेवढ्याच अंतराचे दोनशे दिले होते. नाही दिले, चाललो, पावणेतीन तास लागले. आता वाटतं द्यायला हवे होते. तुम्ही बाराच्या आत डांबरी रस्त्यावर परत या, बस.

दुसऱ्या दिवशी जे फुकट बघितलं त्याने सगळं भरून निघालं. छोट्या शेतकऱ्यांचा चहा जिथे गोळा होतो ते खरेदी केंद्र. एका मावशीने पाठीवरची टोपली फळीवर ओतली, क्लार्कने हाताने पानं पसरली, दोन पानं-एक कळी सोडून जून पान दिसलं की उचलून बाजूला. मावशींनी काही न बोलता ती पानं वेचून परत टोपलीत टाकली. मग काट्यावर वजन, पावती. महिन्याला किलोमागे पैसे आणि वर्षाखेरीला बोनस, तिथे प्रत्येकाच्या तोंडी बोनसच. देशातला निम्म्याहून जास्त चहा अशा छोट्या शेतकऱ्यांचा आहे आणि केटीडीए, म्हणजे त्यांचा चहा सांभाळणारी संस्था, तिच्या फॅक्टऱ्यांमध्ये त्यांचेच शेअर्स आहेत. केंद्रावरच्याच एकाने शब्द टाकला म्हणून शेवटी एक फॅक्टरी आतून बघायला मिळाली. पान कितीतरी तास सुकवतात, मग सीटीसी, म्हणजे आपल्या दाणेदार पत्तीचीच पद्धत. बॉयलरला निलगिरीची लाकडं. तो ओला हिरवा वास मी विसरणार नाही.

मोंबासाची ट्रेन उत्तम. पण लिलावाचा हॉल बघायला म्हणून जाऊ नका. सोमवार-मंगळवारी लिलाव होतो, युगांडा-रवांडाचा चहासुद्धा तिथेच विकला जातो, बोली डॉलरमध्ये, पण 2020 पासून सगळं कॉम्प्युटरवर. आम्हाला कोणी हे सांगितलं नव्हतं. त्यापेक्षा एखाद्या ब्रोकरला आधी ईमेल करून त्याची टेस्टिंग रूम बघा, ओळीने मांडलेले पांढरे कप, माणूस सुर्रकन ओढतो, थुंकतो, पुढचा कप. सगळ्यात मोठं गिऱ्हाईक पाकिस्तान, त्यामुळे कडक, लाल उतरणाऱ्या चहाला मान.

घरी आणायचा तर पीएफ1 नावाची ग्रेड मागा, दाणा बारीक, दुधाच्या चहाला पटकन उतरतो. बीपी1 मोठा दाणा, तो मला आपल्या चहाला पुळचट वाटला.

यलो फीवरची लस निघायच्या किमान दहा दिवस आधी घ्या, भारतात परतताना कार्ड मागतात, नसेल तर क्वारंटाइन. व्हिसाऐवजी आता ईटीए, म्हणजे प्रवासाचं परवानगीपत्र, ऑनलाइनच काढायचं. प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगवर तिथे बंदी आहे, बॅगेत ठेवू नका. एम-पेसासाठी, म्हणजे तिथे मोबाइलवरून पैसे द्यायला, लोकल सिम घ्या. आणि बुटांची दुसरी जोडी न्याच, माझे केरिचोत भिजलेले बूट मोंबासाला पोचेपर्यंत वाळले नव्हते.