आधी पोटमाळा, मग छप्पर : कॅलगरीतली आमची वाटचाल

छपरांचं काम करणारी आमची छोटी कंपनी कॅनडातल्या कॅलगरीत २०१३ साली सुरू झाली. मी, माझी बायको आणि एक पंजाबी मुकादम, एवढाच पसारा होता. मुकादम पूर्णवेळ छपरावर, मी अर्धा वेळ छपरावर आणि अर्धा गिऱ्हाइकांच्या दारात. बायको तिची नोकरी सांभाळून रात्री कोटेशनं आणि हिशेब बघायची. आता हंगामात तीन गट कामावर असतात, स्वतःचा ट्रक आहे, माल ठेवायला गोदाम आहे. धंदा वाढला याचा आनंद आहेच. पण आम्ही काम करतो त्या पद्धतीत जो बदल झाला, त्याविषयी मला इथे लिहायचं आहे. पूर्वी आम्ही गिऱ्हाइकाकडे गेलो की थेट शिडी लावून छपरावर चढायचो. आज आधी पोटमाळ्यात शिरतो.

मी मूळचा सिंधुदुर्गातला. आमच्याकडे घर जपायचं ते पावसापासून. मे महिन्यात शाकारणी करायची, फुटकी कौलं बदलायची, आढं बघून घ्यायचं, की जूनला घर तयार. पाणी येणार ते वरूनच, आणि कधी येणार तेही ठाऊक असतं. कॅलगरीत हे सगळे आडाखे बाजूला ठेवावे लागतात.

हे शहर समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून उंचावर, रॉकी पर्वताच्या पूर्व पायथ्याशी आहे. हिवाळ्यात पारा उणे तीसपर्यंत उतरतो. मग पश्चिमेकडून चिनूक हा कोरडा, गरम वारा सुटतो. पॅसिफिकवरची दमट हवा डोंगर चढताना आपलं पाणी पलीकडेच सोडते आणि अलीकडे उतरताना दर किलोमीटरला साधारण १० अंशांनी तापत येते. सकाळी उणे वीस असलेलं हवामान दुपारी शून्याच्या वर गेलेलं आम्ही दर हिवाळ्यात बघतो. आमच्या अल्बर्टा प्रांताच्या दक्षिणेतल्या पिंचर क्रीक इथे जानेवारी १९६२ मध्ये तासाभरात पारा उणे १९ वरून २२ वर गेल्याची नोंद आहे. असा हेलकावा घराच्या प्रत्येक सांध्याला बसतो. वाराही नुसता वाहत नाही, छपराच्या कडांना, कोपऱ्यांना आणि आढ्याला खालून उचलतो. आणि उन्हाळ्यात, जून ते ऑगस्ट, गारा.

पहिल्या काही वर्षांत जानेवारी-फेब्रुवारीत फोन यायचे, "छप्पर गळतंय." छपरावर बर्फ, चढणं धोक्याचं, आणि जिथून पाणी शिरावं अशी एकही फट सापडायची नाही. मुकादम या शहरात माझ्याआधी कितीतरी वर्षं काम करत होता. तो पहिल्याच खेपेला म्हणाला, "पाजी, ऊपर नहीं, अंदर देखो." त्याच्या त्या वाक्यावर आमची पुढची सगळी कामाची रीत उभी आहे.

एक घर सांगतो, म्हणजे मुद्दा ध्यानात येईल. उत्तर-पूर्व भागातलं एक मराठी कुटुंब. वहिनींचा फोन आला, "दादा, गेल्याच वर्षी दुसऱ्या एकाकडून नवं छप्पर घातलंय, तरी हॉलमधल्या दिव्याच्या कडेनं पाणी ठिबकतंय हो." संक्रांत नुकतीच झाली होती, घरात हळदीकुंकू झालं होतं, पंधरा दिवस कडाक्याची थंडी होती आणि त्या सकाळी चिनूक सुटला होता. कपाटातल्या छताची झडप उघडून मी वर डोकं काढलं. बॅटरीच्या उजेडात समोर सगळं पांढरं. शिंगल म्हणजे छपरावर एकावर एक ठोकलेल्या डांबरी पट्ट्या, त्यांचे खिळे फळीतून खाली आलेले असतात, त्या प्रत्येक खिळ्याच्या टोकावर हिमाचा गोळा जमला होता. उत्तरेकडच्या उतारावर फळीला आतून हिमाचा थर होता, बोटाने खरवडला की गळून पडणारा. दक्षिणेकडचा वितळायला लागला होता आणि त्याचे थेंब इन्सुलेशनवर टपटप पडत होते. बाथरूमच्या पंख्याची नळी छपरापासून निसटून इन्सुलेशनवर आडवी पडली होती. आंघोळीची सगळी वाफ महिनोनमहिने माळ्यातच सुटत होती.

छप्पर गळत नव्हतं. घरातला श्वास, स्वयंपाकाची वाफ, भाताचा कुकर, पंचवीस माणसांची वर्दळ, हे सगळं छताच्या फटींतून वर गेलं, गोठलं आणि चिनूकने एका दुपारी वितळवलं. इथे याला लोक माळ्यातला पाऊस म्हणतात. वहिनींचं नवं छप्पर काढून दुसरं घातलं असतं तरी पुढच्या जानेवारीत पाणी आलंच असतं. आम्ही नळी छपराबाहेर नेऊन घट्ट केली, तिच्यावर इन्सुलेशन गुंडाळलं, दिव्यांच्या आणि वायरींच्या भोकांत फोम भरला, झडपेला रबरी पट्टी लावली. वळचणीच्या जाळ्या फवारलेल्या इन्सुलेशनने बुजल्या होत्या, त्या मोकळ्या करून आत हवा खेळेल अशा पन्हळी बसवल्या. घर तापवणाऱ्या फर्नेसला लावलेला, हवेत ओलावा सोडणारा ह्युमिडिफायर वर्षभर एकाच आकड्यावर ठेवलेला होता. बाहेर उणे तीस असताना घरातली आर्द्रता पंधरा-वीस टक्क्यांवर आणावी लागते, हे बहुतेक घरांत कुणी सांगितलेलंच नसतं. बिल झालं ते नव्या छपराच्या तुलनेत अगदीच किरकोळ.

बायकोने तेव्हा विचारलं होतं, असंच करत राहिलो तर पैसे कसे सुटणार? प्रश्न रास्त होता. पण त्या कुटुंबाने आमचं नाव ज्या ज्या घरी सांगितलं, त्यांतल्या बऱ्याच घरांची छपरं पुढे आम्हीच घातली.

माळ्यातली हीच ऊब बर्फाचा बांधही घालते. खालून उष्णता गेली की छपरावरच्या बर्फाचा तळ वितळतो, पाणी उतरत वळचणीपर्यंत येतं आणि तिथे थंड कडेवर पुन्हा गोठतं. त्या बांधामागे साठलेलं पाणी शिंगलखाली उलटं चढतं. म्हणून इथल्या बांधकाम नियमांत वळचणीपासून वर किमान ९०० मिलिमीटर आणि बाहेरच्या भिंतीच्या आतल्या अंगापासून ३०० मिलिमीटर आतपर्यंत संरक्षक थर घालावा लागतो. आम्ही त्याचे दोन पट्टे घालतो, शिवाय दोन उतार मिळतात त्या पन्हळीत पूर्ण लांबीभर. नियम म्हणजे किमान मर्यादा, चांगल्या कामाची खूण नव्हे, असं माझं ठाम मत आहे.

वाऱ्याबद्दलही हेच. शिंगलच्या खालच्या अंगाला डांबराची चिकट पट्टी असते, ती उन्हाच्या उबेने खालच्या शिंगलला धरते. ऑक्टोबरच्या शेवटी घातलेल्या छपरावर ते ऊन पडतच नाही. पट्टी कोरडीच राहते आणि पहिल्या जोरदार वाऱ्यात शिंगला पत्त्यांच्या पानांसारख्या उलटतात. म्हणून थंडीत आम्ही प्रत्येक शिंगलखाली हाताने डांबरी सिमेंटचे ठिपके देतो. चारऐवजी सहा खिळे मारतो, आणि आखलेल्या पट्टीतच. खिळा वर गेला तर तो खालच्या शिंगलला धरत नाही. कंप्रेसरचा दाब जास्त असला तर खिळा शिंगल फाडून आत जातो, म्हणून दाब दिवसातून दोन-तीनदा तपासतो. यात काम सावकाश होतं. फार थंडी असेल तर शिंगल वाकवताना तडकते, मग आम्ही कामच थांबवतो. डिसेंबरमध्ये गिऱ्हाईक घाई करतं, शेजारच्या घरावर दुसऱ्याची माणसं ठोकत असतात, तरी आम्ही माल उतरवून ठेवतो आणि वाट बघतो.

मग १३ जून २०२० उजाडला. त्या संध्याकाळी उत्तर-पूर्व कॅलगरीवर, म्हणजे सॅडलरिज, टॅराडेल, स्कायव्ह्यू या आपल्या लोकांची दाट वस्ती असलेल्या भागावर, गारा कोसळल्या. विमा कंपन्यांच्या अंदाजाने नुकसान १.२ अब्ज डॉलरच्या वर गेलं. दुसऱ्या दिवशी गल्लीत शिरलो तर पश्चिमेकडच्या भिंतींवरचं व्हिनाइलचं (प्लास्टिकचं) आवरण चाळणी झालेलं, आतला कागद वाऱ्यावर फडफडत होता. लोक अंगणात उभे होते, कुणी बोलत नव्हतं. कोविडचे दिवस, अनेकांच्या नोकऱ्या अधांतरी, त्यात हे.

त्या आठवड्यात आम्हाला आलेल्या फोनांत रडणारी माणसं होती. मला पहिली काळजी वाटली ती बाहेरून येणाऱ्या टोळ्यांची. गारपीट झाली की दुसऱ्या प्रांतांतून माणसं येतात, दार वाजवतात, आगाऊ रक्कम घेतात, एखाद्या उतारावर दोन दिवस ठोकाठोक करतात आणि दिसेनाशी होतात. अल्बर्टात काम पूर्ण होण्याआधी पैसे घेणाऱ्या ठेकेदाराला परवाना लागतो आणि असा करार १० दिवसांत विनाकारणही रद्द करता येतो. आम्ही मराठी, हिंदी आणि पंजाबीत हेच सांगत घरोघर फिरलो, काम आम्हाला मिळो न मिळो. परवाना दाखवा म्हणा, कामगार विम्याचं पत्र मागा, तीन मीटरच्या वर काम करणारा माणूस दोरीला बांधलेला आहे का बघा. जो आपल्या माणसाला पडू देतो, तो तुमचं छप्पर काय जपणार?

गारेचं नुकसान पाहायलाही शिकावं लागतं. शिंगलवरचे दाणे उडालेले डोळ्यांना दिसतात. पण खरी इजा दाण्यांखालच्या फायबरग्लासच्या जाळीला होते. अंगठ्याने दाबलं की तिथे मऊ लागतं. त्या जागी पाणी पुढच्या हिवाळ्यात शिरतं, तोवर दाव्याची मुदत संपलेलीही असू शकते. आम्ही प्रत्येक उतारावर खडूने चौकोन आखून त्यातल्या इजा मोजतो, फोटो काढतो, आणि ज्या उतारावर काही नाही तिथे नाही असंच लिहून देतो. विम्याच्या माणसाला आमच्या कागदावर विश्वास वाटतो तो त्यामुळे.

२०२१ मध्ये कॅलगरी महानगरपालिकेने गारांना तोंड देणारं छप्पर घालणाऱ्यांना ३,००० डॉलरची मदत देऊ केली. मर्यादित निधीची योजना होती, पण त्यामुळे लोकांना क्लास ४ हा शब्द कळला. यूएल २२१८ या चाचणीत २ इंच व्यासाचा पोलादी गोळा २० फुटांवरून एकाच जागी दोनदा टाकतात. त्यात शिंगल तडकली नाही तर ती क्लास ४. डांबरात रबरासारखं पॉलिमर मिसळल्यामुळे ती थंडीतही लवचिक राहते. कॅलगरीत जुन्या टायरच्या रबराची छपरंही बनतात. महाग आहेत, पण बघण्यासारखी.

मात्र क्लास ४ म्हणजे कवच नव्हे, हे आम्ही प्रत्येक गिऱ्हाइकाला सही घेण्याआधी सांगतो. ती चाचणी नव्या मालावर होते, दहा वर्षं उन्हात आणि थंडीत पडलेल्या मालावर नाही. निसर्गही २ इंचांवर थांबत नाही. १ ऑगस्ट २०२२ रोजी रेड डीअरजवळच्या मार्करव्हिल इथे १२३ मिलिमीटर व्यासाची, २९२ ग्रॅमहून जड गार सापडली. कॅनडात नोंदलेली ती सर्वांत मोठी. विमा कंपन्यांच्या पैशातून १९९६ पासून इथे गारा मोठ्या होऊ नयेत म्हणून विमानं ढगांत सिल्व्हर आयोडाइड फवारतात, १९९१ च्या मोठ्या गारपिटीनंतर ही गरज पटली. तरीही गारा पडतातच.

५ ऑगस्ट २०२४ ला, हेरिटेज डेच्या सुट्टीच्या संध्याकाळी, त्या पुन्हा पडल्या. विमानतळाच्या छपरालाही इजा झाली. सुरुवातीचा अंदाजच २.८ अब्ज डॉलर होता. आम्ही घातलेल्या क्लास ४ च्या छपरांवर पुढच्या काही आठवड्यांत जाऊन आलो. काहींचे दाणे उडाले होते, धातूच्या झडपा चेपल्या होत्या, पण अंगठ्याने दाबलं तर जाळी बहुतेक ठिकाणी घट्ट लागत होती. ज्या दोन-चार घरांवर ती तुटली होती, तिथे दावा भरायला आम्ही मालकांच्या शेजारी बसलो. काही विमा कंपन्या आता छपराच्या वयानुसार भरपाई कमी करतात. तेव्हा छप्पर कधी घातलं, कोणत्या मालाचं, याचे कागद जपून ठेवा, असं सांगत राहणं हाही आता आमच्या कामाचाच भाग झाला आहे.

दोन्ही वेळी मोठं होण्याची संधी होती. उपठेकेदार घेऊन एका उन्हाळ्यात शेकडो छपरं उरकणारे लोक होते. आम्ही आमच्या तीन गटांना जेवढं झेपेल तेवढंच घेतलं आणि बाकीच्यांना पुढच्या वर्षीची तारीख दिली. तोवर ताडपत्री घालून दिली, तिचे पैसे घेतले नाहीत. काही गिऱ्हाइकं गेली, त्यांना घाई होती. बरीचशी थांबली.

मुकादम आता छपरावर कमी चढतो, गुडघे बोलतात. नव्या मुलांना तो गोदामात शिकवतो. लाकडी चौकटीवर शिंगला ठोकायला लावतो आणि मग खिळे चुकलेल्या जागा खडूने दाखवतो. शिकाऊ मुलाला पहिल्या महिन्यात तो छपरावर नेतच नाही, पोटमाळ्यात बॅटरी धरायला लावतो.

छपराचं काम काढायचं नसलं तरी माळा बघायला आम्ही येतो. त्याचे पैसे घेत नाही. डिसेंबरच्या थंडीत, चिनूक सुटायच्या आत बोलावलंत तर खिळ्यांवरचं हिम तुम्हालाही दाखवता येईल. तोवर एवढं करा : बाथरूमचा पंखा आंघोळीनंतर अर्धा तास चालू ठेवा, आणि त्याची नळी खरोखर छपराबाहेर पोहोचते का, ते बघा.