टेबलाला लावलेलं विमान

आमच्या जेवणाच्या टेबलाच्या एका बाजूला गेली काही वर्षं कुणी जेवायला बसत नाही. तिथे मुलाचा योक, म्हणजे कॉम्प्युटरवर विमान उडवायचा सराव करायचं हातातलं सुकाणू, क्लॅम्पने आवळून बसवलाय. काळा, दोन शिंगांचा, अंगठ्यापाशी चार-पाच बटणं. वैमानिक व्हायला तो फ्लोरिडाला निघाला तेव्हा "आई, हा काढू नकोस हं, आल्यावर लागेल," असं बजावून गेला. काढायला मलाही जमलं नसतं, तो स्क्रू कसला घट्ट! परवा दुपारी त्या बाजूला गहू निवडत बसले होते. मध्येच हात जातोच. ओढला, सोडला. टक्. आपला मधोमध परत. पुन्हा ओढला, सोडला. टक्.

घरी येणारा प्रत्येक जण त्याला गाडीचं स्टिअरिंग समजूनच हात लावतो. लहान मुलं तोंडाने भुर्र करतात, मोठी माणसं मनातल्या मनात करत असावीत. वरच्या मजल्यावरचे काका एकदा हॉर्न शोधत होते. जमिनीवर विमान याने वळतच नाही, पायाने वळतं, असं सांगितल्यावर त्यांनी हात काढून घेतला आणि चहाची चौकशी केली.

हा योक घेताना घरात आठवडाभर दुसरा विषय नव्हता. हालचाल मोजायला आत घासणारा पोटेन्शिओमीटर असलेला घ्यायचा, की चुंबकावर चालणारा हॉल सेन्सरचा? दोन्ही बाजूंना ४५ अंश फिरणारा स्वस्तातला, की ९० अंश फिरणारा महागातला? मुलाने महागातला घेतला. महिनाभर खूश होता. मग एक दिवस कुरकुर सुरू झाली, की काही केलं तरी ही स्प्रिंगच आहे. मला तेव्हा कळलं नाही. स्प्रिंग नाही तर काय असणार आत?

ते फ्लोरिडात कळलं. त्याला खासगी लायसन्स मिळालं होतं आणि पहिला प्रवासी म्हणून आईला न्यायची त्याला हौस. सेसना १७२. चौघांचं विमान, पण चौघं जरा बेतानेच खाणारे हवेत. आत बसले तर समोरचा योक पार पुढे, पॅनेलकडे पडलेला. मला वाटलं, मोडलाय. मोडला नव्हता. शेपटीवरचा एलिव्हेटर, म्हणजे नाक वर-खाली करणारी हलती फळी, स्वतःच्या वजनाने खाली लोंबतो, आणि केबल, कप्प्या असं करत त्याला बांधलेला योक पुढे ओढला जातो, बस. मी मागे ओढून पाहिला. लांब शेपटीकडचं वजन हाताशी येत होतं, मध्ये कुठेतरी कप्पीची बारीकशी खरखर. टक् वगैरे काही नाही. डावीकडे फिरवून सोडला तर तो तसाच डावीकडे राहिला.

त्याआधी बाहेर एक गंमत झाली होती. उड्डाणापूर्वी विमानाभोवती फिरून सगळं तपासायचं असतं. डाव्या पंखाच्या पुढच्या कडेला एक भोक आहे. मुलाने त्यावर रुमाल धरला, तोंड लावलं आणि हवा आत ओढली. पंखातून सूर आला! जरा रडका, नाकातला, पण ऑर्गनसारखा पत्तीचा सूर, शंकाच नको. विमानाचा वेग फार कमी होऊन पंख हवेवरची पकड सोडायच्या बेतात आला, की त्या भोकापाशी दाब उतरतो, पत्तीवरून हवा ओढली जाते आणि भोंगा वाजतो. वीज नको, काही नको.

सांगलीला आजोबांकडे ऑर्गन होता. गंधर्व मंडळींच्या नाटकांत असायचा तसला, पायाने भाता मारायचा. बोटं आजोबांची असत आणि पाय दुखतात म्हणून भाता आम्ही नातवंडं मारायचो, तोही खाली बसून, हातांनी. उन्हाळ्याच्या सुट्टीत दुपारी मोठी माणसं झोपली की आजोबा हळूच झाकण उघडत. वरचं काही दिसायचं नाही. आजोबांच्या धोतराची कड, पायट्यांवरचं झिजलेलं कापड, धुळीचा आणि जुन्या चामड्याचा वास. पण वर काय चाललंय ते हातांना कळायचं. आजोबांनी बोटं उचलली की पायटा ताठरायचा, ऐकेनासा व्हायचा. चार-पाच पट्ट्या एकदम दाबल्या की भसकन मोकळा. मामेभाऊ दुसऱ्या पायट्यावर असे आणि मुद्दाम उलट्या ठेक्यात मारी. सूर हेलकावला की वरून आजोबांचं "कोण रे तो?" मग दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवायचं, जे वरून आजोबांना दिसायचंच नाही.

विमान शिकवायचं पहिलं नावाजलेलं यंत्र ऑर्गनवाल्यानेच केलं, हे मुलाने सांगितलं तेव्हा मला मुळीच नवल वाटलं नाही. एडविन लिंक. न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टनला वडिलांचा पियानो-ऑर्गनचा कारखाना. घरचेच भाते आणि झडपा घेऊन याने १९२९मध्ये एक ठेंगणं लाकडी विमान बनवलं, जमिनीवर बसून डुलणारं. विमानशाळांनी विचारलं नाही, म्हणून ते जत्रेतल्या खेळण्यासारखं करमणुकीच्या बागांतून चाललं. १९३४मध्ये अमेरिकी लष्कराकडे टपाल वाहायचं काम आलं, खराब हवेत काही आठवड्यांतच बरेच वैमानिक गेले, आणि मग लष्कराने लिंककडून सहा यंत्रं घेतली. पुढे महायुद्धात लाखो पोरं त्या निळ्या खोक्यांत बसून शिकली.

तर सेसना. वर गेल्यावर मुलगा म्हणाला, "धर. घट्ट नको, दोन बोटांनी." ताशी २०० किलोमीटरला योक ताठ होता, जरा ढकलला तरी परत ढकलत होता. मग त्याने इंजिन कमी केलं. वेग उतरत गेला तसा योक माझ्या बोटांत मऊ पडत गेला. वेग दुप्पट झाला की हवेचा जोर चौपट होतो, अर्धा झाला की पाव, असा हिशेब आहे म्हणे. मला हिशेब नको होता. सांगलीचा पायटा होता तो, वर कुणीतरी पट्ट्या दाबत होतं. मग भोंगा रडायला लागला, मुलाने नाक खाली घातलं, आणि योकमध्ये पुन्हा जीव आला.

ट्रिमचं चाक तर मला घरी आणावंसं वाटलं. योक ओढून हात भरून आला, की गुडघ्यापाशी असलेलं ते खाचांचं चाक फिरवत राहायचं, हाताचा भार उतरेपर्यंत. उतरला की सोडून द्या. योक आता तिथेच, त्या नव्या जागी स्वस्थ बसतो. आमच्या टेबलावरच्याला नवी जागा ठाऊकच नाही. ट्रिम फिरवत फिरवत त्याला हळूहळू मधोमध परत न्यायचं, म्हणजे सगळं उलटं. आतून मोटरींनी ढकलणारे योकही मिळतात, स्वित्झर्लंडमध्ये बनतात. किंमत लाखाच्या घरात. टेबल मात्र आपलंच.

एवढं सगळं शिकून मुलगा आता पुण्याला परत आलाय, डीजीसीएच्या, म्हणजे विमानवाहतुकीच्या सरकारी खात्याच्या, कागदांमागे धावतोय, आणि नोकरीची आशा आहे ती एअरबस ए३२०वर. त्यात योक नाही. बाजूला एक छोटी कांडी, आणि कांडीत काय, तर स्प्रिंग. हवेचा जोर हाताला येतच नाही. हात फक्त काय हवं ते सांगतो, पंखांचं काय ते कॉम्प्युटर बघतो. समोर जागा रिकामी राहते म्हणून तिथे जेवायला घडीचं टेबल दिलंय. बोइंग ७३७मध्ये योक आहे, पण पंखांचे आणि शेपटीचे हलते भाग हायड्रॉलिक्सने, म्हणजे तेलाच्या दाबाने, हलतात, म्हणून शेपटीवर वेगळ्या नळ्या लावून हवेचा दाब मोजतात आणि तेवढा जोर मुद्दाम वैमानिकाच्या हातात परत आणून सोडतात. खोटाच, पण मोजून. मला हे फार सभ्यपणाचं वाटतं. मुलगा म्हणतो, तुला यंत्रातलं काही कळत नाही.

एअरबसच्या दोन कांड्या एकमेकींना जोडलेल्याही नसतात. एकाने ओढली तर दुसऱ्याची जागची हलत नाही. रिओहून पॅरिसला निघालेलं एअर फ्रान्सचं एअरबस ए३३० १ जून २००९ला अटलांटिकमध्ये पडलं, २२८ माणसं गेली. स्टॉलचा, म्हणजे पंखांची हवेवरची पकड सुटण्याचा, इशारा सलग ५४ सेकंद वाजत होता आणि एक वैमानिक बहुतेक वेळ कांडी मागे ओढून होता. शेजारच्याच्या हाताला ते कळायची सोय नव्हती. कारणं पुष्कळ होती, अहवाल जाडजूड आहे. पण मी वाचला तेव्हा याच पानाशी अडकले.

मुलाला म्हटलं, निदान बोइंगवर तरी जा. तो म्हणाला, "आई, बोइंगही पडतात गं."

अहमदाबादचं नाव दोघांनीही घेतलं नाही.