टेप काळी, प्रेशर बरोबर, आणि व्हायल पिवळी

सकाळी आमच्या दातांच्या दवाखान्यात इन्क्युबेटर, म्हणजे टेस्टच्या कुप्या उबेत ठेवायची पेटी, उघडला तर दोन्ही व्हायल (कुप्या) पिवळ्या. एक पिवळी असायलाच हवी, ती कंट्रोलची, म्हणजे त्याच बॅचची पण ऑटोक्लेव्हमध्ये (हत्यारं वाफेने निर्जंतुक करायच्या मशीनमध्ये) न घातलेली, ती पिवळी झाली की आतले स्पोर, म्हणजे जंतूंचे बीजाणू, जिवंत होते आणि इन्क्युबेटर नीट तापतोय एवढं कळतं. शेजारची मात्र १२१ डिग्रीचं अख्खं सायकल खाऊन आलेली, ती जांभळीच राहायला हवी होती. मी आधी लेबलं बघितली, अदलाबदल झाली असेल म्हणून. आता दोन्ही पिवळ्या असताना अदलाबदल झाली काय नि न झाली काय, पण त्या वेळी डोकं असंच चालतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, व्हायलमध्ये जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस नावाच्या जंतूचे स्पोर असतात. माणसाला त्याचा काही त्रास नाही, पण वाफेला दाद न देण्यात पठ्ठ्या एकदम चिवट, आपण ५५-६० डिग्रीला भाजून निघू तिथे हा मजेत वाढतो. वाढला की रंग बदलतो. हा मेला तर बाकीचे मेलेच असं धरायचं, म्हणून आठवड्यातून एकदा तरी ही टेस्ट लावायची.

आमच्या नवीन असिस्टंटचा पहिला प्रश्न, "पण टेप तर काळी झाली होती ना?" झाली होती, हत्यारं भरलेल्या सगळ्या पाऊचवरची झाली होती. पण ही उष्णतेने काळी पडणारी टेप फक्त एवढंच सांगते की पाऊच गरम मशीनमध्ये जाऊन आलंय, आत काय मेलं काय जगलं याचा तिला पत्ता नसतो. रजिस्टर काढलं तर प्रेशर १५ पीएसआय, टेंपरेचर १२१, वेळ पूर्ण, कुठेही बोट ठेवायला जागा नाही.

आमच्या डॉक्टर मॅडम आल्या, व्हायल उजेडात धरून बघितली आणि म्हणाल्या, "मशीन बंद. मागच्या चांगल्या टेस्टनंतर यातून निघालेलं प्रत्येक पाऊच बाहेर काढा." बोलायला एक मिनिट लागतं. ड्रॉवर, ट्रॉली, दोन्ही खुर्च्यांच्या बाजूचे कप्पे, मिरर-प्रोबचे सेट, फोर्सेप, स्केलरच्या टिपा, हँडपीस, सगळ्याचा टेबलावर डोंगर झाला. पाऊचवर तारीख आणि लोड नंबर लिहायचा कंटाळा करणाऱ्यांनी तो डोंगर बघायला पाहिजे होता, नंबर होते म्हणून निदान दुसऱ्या, छोट्या ऑटोक्लेव्हमधली पाऊच वेगळी काढता आली. छोट्याची टेस्ट त्याच आठवड्यात चांगली आलेली, त्यामुळे सगळं परत नव्या पाऊचमध्ये पॅक करून त्यात घालायला घेतलं, पण त्यात मावतं किती! साध्या क्लीनिंगच्या अपॉइंटमेंट पुढे ढकलल्या, गाल सुजून आलेल्या एका ताईंना तेवढं घेतलं.

बाहेर बसलेल्या एका काकांनी हे सगळं ऐकलं. "म्हणजे परवा माझी दाढ काढली ती कसल्या हत्यारांनी?" मला वाटलं मॅडम काहीतरी गोल गोल बोलतील. पण त्यांनी काकांना आत बसवून सरळ सांगितलं, हत्यारं धुतलेली होती, तापलेलीही होती, हिपॅटायटिस बी किंवा एचआयव्हीचे व्हायरस या स्पोरपेक्षा फार लवकर मरतात, त्यामुळे धोका खूप कमी आहे, पण टेस्ट फेल असताना मी शंभर टक्के स्टराइल म्हणणार नाही, बिघाडाचं कारण सापडलं की तुम्हाला फोन करते. काका थोडे कुरकुरले, पण पटलं असावं.

मग तेच सायकल, नेहमीसारखाच लोड घालून, पण यावेळी एक व्हायल वरच्या ट्रेमध्ये आणि एक सगळ्यात खाली ड्रेनजवळ. दुसऱ्या दिवशी वरची जांभळी, खालची पिवळी! एकाच सायकलमध्ये!

टेक्निशियनने ड्रेनचा फिल्टर काढला तेव्हा उलगडा झाला. पांढरा क्षार आणि पाऊचच्या कागदाचे तंतू यांचा लगदा जाळीवर चिकटून बसलेला. आमचं मशीन व्हॅक्यूमवालं नाही, वाफ वर भरत जाते आणि थंड हवा जड म्हणून खालून बाहेर ढकलली जाते. खालची वाटच तुंबली तर हवा तिथेच अडकणार, तिथे वाफ पोचणार नाही, आणि प्रेशरच्या काट्याला हवा काय नि वाफ काय, सारखीच. टेंपरेचरचा सेन्सर आमच्या मॉडेलमध्ये वरच्या अंगाला, तो बिचारा खरंच सांगत होता, फक्त वरचं.

जाळी साफ केली, दाराचं गॅस्केट कडक झालं होतं तेही बदललं, आणि टेक्निशियन म्हणतो, "करा चालू, आता काही होत नाही." मॅडम म्हणाल्या, "तुमचं झालं, आता माझं." रिकाम्या मशीनमध्ये लागोपाठ तीन सायकल, प्रत्येकात खाली एक व्हायल, आणि ४८ तास होईपर्यंत कोणी हात लावायचा नाही. तिन्ही जांभळ्या राहिल्या, कंट्रोल पिवळी झाली, तेव्हा कुठे काकांना फोन गेला.

आता जाळी दर आठवड्याला निघते, पाणी डिस्टिल्डच, आणि प्रत्येक लोडमध्ये खालच्या ट्रेच्या मधोमध एका पाऊचच्या आत इंटिग्रेटर स्ट्रिप, म्हणजे वाफ, तापमान आणि वेळ तिन्ही पुरेसं मिळालं का ते दाखवणारी पट्टी, असते. टेप लावतोच अजून, कुठलं पाऊच आत जाऊन आलंय आणि कुठलं नाही ते तिच्यावरून कळतं.