डंप पडला नाही

वणी पट्ट्यातल्या एका उघड्या कोळसा खाणीत मी सुरक्षेचं काम पाहतो. खाण म्हटली की लोकांना स्फोटाची भीती वाटते. पावसाळ्यात आमची झोप उडते ती डंपमुळे. कोळशावरची माती आणि दगड, म्हणजे आमची ओबी, काढून बाजूला रचतात, तो डंप. आपल्याकडे पायाला काळी कापसाची माती. भर टाकायच्या आधी ती खरवडून काढायला हवी, आणि नेमका तिथेच कंत्राटदार हात आखडता घेतो. राहिलेला थर पाणी पिऊन फुगतो आणि वरचा सगळा भार निसरड्यावर बसतो. मग वर कितीही सुबक पायऱ्या पाडा, उपयोग शून्य.

ऑगस्टातली गोष्ट. रात्रभर झड लागली होती. सकाळी ओव्हरमनने, म्हणजे पाळीवर देखरेख करणाऱ्याने, वॉकीटॉकीवर कळवलं की वरच्या पायरीला, कडेशी समांतर, लांबच लांब भेग पडली आहे. भेगेच्या दोन्ही अंगांना आम्ही लोखंडी सळया ठोकल्या, त्यांच्या माथ्यावर टोकदार पंच ठोकून खूण केली आणि स्टीलच्या टेपने अंतर मोजत बसलो. टेप दर वेळी सारख्याच ताणाने धरायची आणि वाचणारा माणूस बदलायचा नाही, नाहीतर दोन मिलिमीटरची चूक सहज होते. भेग किती रुंद आहे याला फार अर्थ नसतो, ती किती वेगाने रुंदावते ते बघायचं. नऊला वेग तासाला 3 मिलिमीटर होता, अकराला 5, एकला 9. वेगाचा व्यस्त, म्हणजे एक भागिले वेग, काढून वेळेनुसार कागदावर मांडला की रेषा खाली उतरत जाते. ती शून्याला जिथे टेकेल, ती पडण्याची वेळ धरायची. आमची रेषा दिवस मावळायच्या आतच टेकत होती. पायथ्याशी जमीन फुगून नालीचा काठ वीतभर उचलला गेला होता आणि गढूळ पाणी उलट्या दिशेने वाहत होतं.

मी काम थांबवलं. पायथ्याच्या हॉल रोडवरचे, म्हणजे माल वाहायच्या रस्त्यावरचे, डंपर, खोदणारं शॉव्हेल, पंपावरची पोरं, सगळे बाहेर. मॅनेजरसाहेबांनी एक प्रश्नही न विचारता सही केली, हे मी आवर्जून लिहितो. कंत्राटदाराचा सुपरवायझर मात्र टार्गेटचा धोशा लावून बसला.

चारनंतर पाऊस उघडला. वेग 4 वर आला, रात्री 2 वर. डंप पडला नाही, आजही उभा आहे.

दुसऱ्या दिवशी झरीकडचा एक डंपर ड्रायव्हर गेटवर भेटला. या लोकांना फेरीवर पैसे मिळतात. म्हणाला, "डंप काही पडला नाही जी साहेब. माह्या फेऱ्या मात्र बुडाल्या. पोराची फी भरायची होती."

मला उत्तर सुचलं नाही, अजूनही सुचत नाही. आकडे सांगून त्याच्या घरात चूल पेटणार नव्हती.

10 एप्रिल 2013 ला अमेरिकेत युटा राज्यातल्या बिंगहॅम कॅन्यन या तांब्याच्या खाणीचा डोंगरउतार एका रात्रीत दोनदा कोसळला. ओकर पर्वतरांगेतली ही खाण जगातल्या सर्वांत मोठ्या मानवनिर्मित खड्ड्यांपैकी एक. रडारने उताराची हालचाल आधीच टिपली होती, माणसं बाहेर काढली होती. यंत्रं दगडाखाली गेली, माणूस एकही दगावला नाही. 29 डिसेंबर 2016 ला झारखंडच्या लालमटिया कोळसा खाणीत ओबी सरकली आणि 23 कामगार गेले. बिंगहॅमला उतार खरंच पडला, त्यामुळे इशारा देणारे बरोबर ठरले. आमच्याकडे तो पडला नाही, म्हणून ड्रायव्हरच्या हिशेबात मी त्याची मजुरी बुडवणारा साहेब.

पण त्याचा राग माझ्यावर का निघावा? धोका म्हणून काम थांबलं तर फेरीवर पैसे मिळणाऱ्या ड्रायव्हरला त्या दिवसाचा सरासरी मोबदला मिळायलाच हवा. तो मिळत नाही, म्हणून भेग दिसली तरी हे लोक तोंड उघडत नाहीत. माझ्या सळयांपेक्षा कितीतरी आधी भेग त्यांच्या नजरेला पडते, कारण दिवसभर वर तेच असतात. पुढच्या कंत्राटात ही अट घाला असं मी लेखी दिलंय. फाइल लेखा विभागात आहे. "काम न करता पैसे कसे द्यायचे?" असा शेरा मारून एकदा परत आली होती. मी लालमटियाचा आकडा जोडून ती पुन्हा पाठवली आहे, आणि जूनच्या आत सही व्हावी म्हणून रोज तिथे जाऊन विचारतो.