काजळी होती, पण डोंगराच्याही वर

नॉर्वेच्या उत्तर ध्रुवाजवळच्या स्वालबार्ड बेटांवरच्या न्यू-ऑलेसुंदला जमिनीवर हवा मोजणारी यंत्रं आहेत आणि झेपेलिन डोंगरावर, सुमारे 475 मीटरवर, एक वेधशाळा आहे. त्या एप्रिलच्या सकाळी दोन्हीकडे काजळीचे आकडे अगदी बेताचे होते. युरोप-आशियातून येणारं धुरकट आर्क्टिक धुकं वसंतात इथे हमखास असतं. त्या दिवशी मात्र ते नाहीच, असं वाटावं.

आम्ही हेलियमचा फुगा दोराला बांधून वर सोडला. खाली काजळीमापक लटकवलेला. त्यात हवा एका छोट्या गाळणपट्टीतून ओढली जाते. पट्टी काळी पडत जाते तसा तिच्यातून जाणारा प्रकाश घटतो, त्यावरून काजळी कळते. एक जण विंचवर, म्हणजे दोर सोडणाऱ्या-गुंडाळणाऱ्या यंत्रावर, एक जण बंदूक घेऊन अस्वलांवर नजर ठेवून. (फुग्याकडे बघत बसायची इच्छा सगळ्यांनाच होते, म्हणून हे काम कोणालाच नको असतं.)

तापमान मात्र आम्हाला वरून लगेच कळत होतं. डोंगरमाथ्याची उंची मागे टाकली आणि थंडी वाढायच्या ऐवजी कमी झाली: तापमानाची विपरीतता. विंच थांबवली. असा थर झाकणासारखा बसतो, वरची हवा खाली मिसळत नाही. पण नेमकं इथेच हे यंत्र फसवतं. तापमान, आर्द्रता एकदम बदलली की गाळणपट्टीच बिथरते आणि काजळी नसतानाही आकडा उसळतो. खोटी उसळी थोड्या वेळात खाली बसते, खरी काजळी टिकते. म्हणून फुगा तिथेच धरून ठेवला, मग आणखी वर नेला, आणि उतरताना त्याच उंचीवर पुन्हा थांबवला. वारा वाढत होता, विमान यायचं होतं. विंचवाल्याचा चेहरा बघण्यासारखा होता.

काजळीचे आकडे यंत्रातच साठतात, त्यामुळे निकाल फुगा खाली आल्यावर. आलेख उघडला. थराच्या वर आकडा जमिनीच्या कितीतरी पट, आणि थांबलो तेवढा वेळ तो टिकलेला. उतरतानाही तीच पायरी, त्याच उंचीवर. सोबतच्या कणमोजणी यंत्रातही कण तिथेच वाढलेले.

याचा हिशेब जमिनीवरच्या यंत्राला लागणारच नाही. बर्फावर पडलेली काजळी बर्फ वितळवते. उंचावर तरंगणारी मात्र ऊन शोषून वरचीच हवा तापवते, थर आणखी घट्ट करते. एकूण काजळी तेवढीच धरली तरी ती कुठल्या उंचीवर आहे यावर परिणाम बदलतो, आणि हवामानाची मॉडेलं नेमकी याच उंचीच्या बाबतीत एकमेकांशी भांडतात. विमान उतरलं तेव्हा आम्ही दुसऱ्या उड्डाणासाठी नवी पट्टी बसवत होतो.